मान धरली, आता 'कट्ट' करून घ्यायची का?

ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. मधले 'अंऽऽ' काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच आहे.

सकाळी उठलात, मान वळवायला गेलात आणि एकदम कळ आली. डोकं एका बाजूला कललेलं, कुणी हाक मारली तर अख्खं अंग वळवून बघावं लागतंय. याला आपण 'मान धरली' किंवा 'मान अवघडली' म्हणतो. डॉक्टरांच्या भाषेत टॉर्टिकोलिस. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ सरळ आहे: वाकडी मान.

अशा वेळी मोबाइल उघडला की नेमकी ती रील समोर येते. कायरोप्रॅक्टर डोकं दोन्ही हातांत धरतो, एक झटका, 'कट्ट' आवाज, आणि पेशंट हसत उठतो. दापोडीहून हिंजवडीला जाऊन दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्या आपल्यासारख्यांना वाटणारच, की आपणही करून घ्यावं. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण या 'कट्ट'मागे काय आहे, ते आज नीट बघू.

मानेत होतं काय?

मानेत सात मणके. त्यावर साधारण साडेचार-पाच किलोचं डोकं. आरशासमोर उभं राहून तोंड उजवीकडे वळवा. डाव्या बाजूला कानामागून छातीच्या हाडाकडे जाणारा एक दोरीसारखा स्नायू वर येईल. हा एकीकडचा स्नायू आखडला की डोकं त्याच बाजूला कलतं आणि हनुवटी उलट बाजूला फिरते. दुसरा स्नायू मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून खांद्याच्या फऱ्यापर्यंत जातो. 'मान आणि खांद्याच्या मध्ये दुखतंय' म्हणतो, तेव्हा बहुतेकदा हाच बोलत असतो.

रात्रभर मान वेडीवाकडी राहिली, किंवा लोणावळा लोकलमध्ये खिडकीला डोकं टेकून झोप लागली, की मणक्यांमधला एखादा छोटा सांधा किंवा स्नायू दुखावतो. मग आजूबाजूचे स्नायू आखडून त्या जागेची हालचालच बंद करतात. म्हणजे मान 'अडकलेली' वाटते, पण हाड जागेवरून सरकलेलं नसतं. हे लक्षात ठेवा, कारण 'तुमचा मणका सरकलाय, बसवून देतो' हे वाक्य तुम्हाला कुणीतरी ऐकवणारच.

पायाळूची गोष्ट

आपल्याकडे गावात उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचे. जन्मताना पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, असा समज. आणि लोकांना गुण यायचा! कारण साधी उसण काय किंवा साधी धरलेली मान काय, काही दिवसांत आपोआप सुटते. मानेच्या बाबतीत बहुतेकांना काही दिवस ते एक-दोन आठवडे लागतात. माणूस उपाय शोधायला निघतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ते उतरणारच असतं. उतरताना जो समोर असेल, श्रेय त्याला मिळतं.

म्हणून 'मला फरक पडला' एवढ्यावरून पायाळूचंही सिद्ध होत नाही आणि कायरोप्रॅक्टरचंही. तुलना करून बघावी लागते. पायाळूची कुणी केलेली माझ्या वाचनात नाही. कायरोप्रॅक्टिकची झाली आहे.

तुलनेत काय दिसलं?

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ सालची, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात, डी. डी. पामर यांच्या हातून. बहुतेक आजारांचं मूळ मणक्यांत आहे, हा त्यांचा सिद्धांत आजचं वैद्यकशास्त्र मानत नाही. पण मानदुखीसाठी हाताने केलेल्या उपचाराचा उपयोग होतो का, हा प्रश्न त्या सिद्धांतापासून वेगळा काढून तपासता येतो.

२०१२ साली अमेरिकेत २७२ लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांची मान दोन ते बारा आठवडे दुखत होती. एका गटाला कायरोप्रॅक्टरचे उपचार, दुसऱ्याला औषधं, तिसऱ्याला एक-दोन भेटींत शिकवलेले घरी करायचे व्यायाम. बारा आठवड्यांनी कायरोप्रॅक्टिकचा गट औषधांच्या गटापेक्षा बरा निघाला. पण व्यायामाचा गट जवळपास त्याच्याच बरोबरीला होता!

ऑस्ट्रेलियातल्या २०१० च्या अभ्यासात १८२ रुग्ण होते. निम्म्यांना झटका देऊन उपचार, निम्म्यांना झटका न देता सांधा हळूहळू हलवून. बरं व्हायला लागलेल्या दिवसांत म्हणावा असा फरक नव्हता.

हे अभ्यास एकूण मानदुखीचे आहेत, फक्त सकाळी धरलेल्या मानेचे नाहीत. तरी दिशा कळते. हाताच्या उपचाराने आराम पडू शकतो, मान थोडी मोकळी होऊ शकते. पण त्यासाठी 'कट्ट' व्हायलाच पाहिजे असं नाही. तो आवाज हाड बसल्याचा नसतोच. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम कमी होऊन त्यात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच.

मग भीती कशाची?

मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर जातात आणि सगळ्यात वरच्या मणक्यावर वळसा घेतात. मान झटक्याने फिरली आणि धमनीचं आतलं अस्तर फाटलं, तर तिथे रक्ताची गुठळी होऊन स्ट्रोक येऊ शकतो. हे फार दुर्मिळ आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये म्हटलं, की झटक्यामुळेच असं होतं हे सिद्ध झालेलं नाही, पण संबंध दिसतो, म्हणून रुग्णाला आधी कल्पना द्यावी.

इथे एक मेख आहे. धमनी आधीच फाटलेली असेल तर तिचं पहिलं लक्षणसुद्धा मानदुखीच असू शकतं. म्हणजे न तपासता झटका देणं जास्त धोक्याचं.

आणि हे फक्त क्लिनिकपुरतं नाही. २०२४ मध्ये कर्नाटकातल्या बल्लारीच्या एका तरुणाला सलूनमध्ये डोक्याच्या मालिशनंतर मान मोडून दिली आणि त्याला स्ट्रोक आला, अशी बातमी होती. तेव्हा कटिंगनंतर 'मान मोडू का, दादा?' असं विचारलं तर सरळ नाही म्हणा.

थेट डॉक्टरकडे कधी?

यातलं काहीही असेल तर ना मालिश, ना झटका:

- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखतेय
- ताप आहे आणि हनुवटी छातीला टेकत नाही
- हातापायात मुंग्या, कमजोरी, चालताना तोल जातोय, लघवीवर ताबा नाही
- आजवर कधी नव्हती अशी डोकेदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं
- बरेच दिवस दुखतंय, संध्याकाळी ताप येतोय, वजन घटतंय. आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही
- उलटीची गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर मान एका बाजूला ओढली गेली. मेटोक्लोप्रामाइडसारख्या औषधाने असं होतं, आणि दवाखान्यात इंजेक्शनने सहसा लवकर सुटतं
- लहान मुलाची मान वाकडी झालीय. तान्ह्या बाळाला जन्मतः असेल तर बालरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट. लवकर सुरू केलं तर बहुतेक बाळं व्यायामानेच बरी होतात

आपल्या भागात पिंपरीचं वायसीएम रुग्णालय आहे. स्ट्रोकची शंका असेल तर १०८ ला फोन करा, वाट बघू नका.

यातलं काही नसेल तर

पहिले दोन-तीन दिवस १५-२० मिनिटं गरम शेक. दर तास-दोन तासांनी मान दुखणार नाही तिथपर्यंतच हळू फिरवा, पाच-सहा वेळा. जोर लावायचा नाही. पण पूर्ण आरामही नको. पट्टा लावून मान दिवसचे दिवस गच्च ठेवली तर ती आणखी आखडते. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, विशेषतः ॲसिडिटी, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर. आणि मान वळत नाही तोवर गाडी चालवू नका. मागून येणारं वाहन न बघता हॅरिस ब्रिजवर लेन बदलणं हा मानेपेक्षा मोठा प्रश्न आहे. दापोडीला मेट्रो आहे, चार दिवस तिने जा.

आठवड्यात उतार नसेल तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची राज्य परिषद आहे, नोंदणी क्रमांक विचारता येतो. कायरोप्रॅक्टरसाठी भारतात अशी वेगळी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटीवरच्या शब्दावरून शिक्षण कळत नाही. काही देशांत ही चार-पाच वर्षांची पदवी आहे. म्हणून जायचंच असेल तर विचारा: शिक्षण कुठे, किती वर्षांचं? झटक्याआधी काय तपासणार? धोका काय? झटका न देता करता येईल का? यावर जो चिडेल किंवा पहिल्याच भेटीत वीस सेशनचं पॅकेज पुढे करेल, तिथून उठा. चांगला माणूस तुमचं 'मानेला झटका नको' हे वाक्य ऐकून घेतो आणि हळू हातानेही काम करतो.

मान बहुतेकदा स्वतःच सुटते. तिला चार दिवस द्या, शेक द्या, थोडी हालचाल द्या. आजच्यापुरतं एवढंच. घरात कुणाची मान धरली असेल तर वरची यादी आधी त्यांना वाचून दाखवा. भेटू पुढच्या भागात!