निवळलेले पाणी आणि ढवळलेला तळ

पावसाळ्यातील पहिला पूर ओसरला की नदीकाठच्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते, "पाणी निवळलं, आता हरकत नाही." गढूळपणा गेला म्हणजे धोका टळला, अशी ही समजूत. तिच्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. पाण्यातून जे दिसेनासे झाले ते नष्ट झालेले नसते. त्यातील बरेचसे तळाशी जाऊन बसलेले असते.

मैलापाण्यातून व गुरांच्या शेणातून नदीत आलेले जिवाणू मोकळ्या पाण्यात फार काळ टिकत नाहीत. सूर्यप्रकाशाने ते मरतात, सूक्ष्म आदिजीव त्यांना खाऊन टाकतात. मात्र मातीच्या कणांना चिकटून ते तळाशी पोहोचले, की तेथील अंधार, सेंद्रिय अन्न आणि कणांमधील आडोसा त्यांच्या पथ्यावर पडतो. विष्ठेच्या दूषणाची खूण मानला जाणारा ई. कोलाय हा जिवाणू गाळात कित्येक आठवडे तग धरतो. म्हणूनच तळच्या गाळातील त्याचे प्रमाण वरच्या पाण्याच्या कित्येक पट, काही ठिकाणी हजारपटही आढळते.

हा साठा मोकळा होतो तो तळ ढवळल्यावर. पुराचा लोंढा, डुंबणाऱ्या म्हशी, वाळूचा उपसा किंवा पर्वणीला एकाच घाटावर उतरलेले हजारो स्नानार्थी, यांपैकी कोणतेही कारण त्यास पुरेसे असते. स्नानाच्या पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमागे शक्यतो ५०० पर्यंत व कमाल २,५०० असावेत, असा आपल्याकडील निकष आहे. शांत पाण्याचा नमुना या निकषात बसला, तरी त्याच जागी तळ ढवळल्यावर तो बसेलच असे नाही. त्यातच पाण्यात खेळताना मुलांच्या पोटात मोठ्यांपेक्षा अधिक पाणी जाते.

ढवळलेले पाणी पुन्हा निवळण्याचा वेगही सारखा नसतो. अगदी स्थिर पाण्यात बारीक वाळूचा कण एक मीटर खाली जाण्यास सुमारे दोन मिनिटे घेतो. चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणाला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे तीन दिवस लागतात. वाहत्या नदीत तर तो कण आपल्यावरील जिवाणूंसह दूरवर जातो.

गाळात जिवाणूंबरोबर पोषकद्रव्येही साठतात, विशेषतः फॉस्फरस. प्राणवायू असेल तोवर तळातील लोह फॉस्फरसला धरून ठेवते. प्राणवायू संपला की ही पकड सुटते, हे क्लिफर्ड मॉर्टिमर या शास्त्रज्ञाने इंग्लंडमधील सरोवरांच्या अभ्यासातून १९४१-४२ मध्ये दाखवून दिले. उथळ तळ्यात वाऱ्याच्या लाटांनी गाळ उसळतो, तेव्हाही त्यातील काही फॉस्फरस पाण्यात उतरतो. त्यावर नील-हरित शैवाल फोफावते. त्याच्या काही जाती यकृतास घातक विषे निर्माण करतात आणि ती उकळूनही नाहीशी होत नाहीत.

म्हणून केवळ सांडपाणी थांबवून तळे लगेच सुधारत नाही. स्वीडनमधील ट्रुमेन सरोवरात सांडपाणी सोडणे बंद केल्यानंतरही अनेक वर्षे शैवाल माजत राहिले. अखेर १९७० व १९७१ मध्ये तळाचा सुमारे एक मीटर जाडीचा गाळ काढल्यावर ते सुधारले. गाळ काढणे उपकारक आहे. पण तो कधी व कसा काढावा, यालाही महत्त्व आहे. उन्हाळ्यात जलाशयाच्या कोरड्या पडलेल्या भागातून काढलेला गाळ पाणी गढूळ करीत नाही, आणि त्यातील पोषकद्रव्ये शेताच्या कामी येतात. सांडपाण्याचा किंवा कारखान्याचा गाळ मात्र तपासल्याशिवाय शेतात टाकू नये.

हेच सारे लहान प्रमाणात आपल्या घरच्या हंड्यात घडते. तुरटी फिरवली किंवा निवळीचे बी उगाळून घातले, की मातीचे कण एकत्र येऊन बसतात आणि बरेच जिवाणू त्यांच्याबरोबर तळाशी जातात. तेव्हा वरचे पाणी हंडा न हलवता दुसऱ्या भांड्यात अलगद काढावे आणि तळचा गाळ टाकून द्यावा. त्यानंतर पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून, खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे औषध सांगितलेल्या प्रमाणात घालावे. औषध गढूळ पाण्यात घालू नये. तेथे ते मातीतच खर्ची पडते आणि कणांआड दडलेले जिवाणू वाचतात.

पूर येऊन गेल्यावर काही दिवस मुलांना नदीत उतरू देऊ नये. अंगावर उघडी जखम असल्यास मोठ्यांनीही उतरू नये. ज्या तळ्यावर हिरवा साका दिसतो, त्याचे पाणी उकळूनही पिऊ नये आणि गुरांनाही पाजू नये. पाणी निवळण्याची वाट अवश्य पाहावी. परंतु ते निवळल्यावरही शुद्ध करूनच प्यावे.