शेतमालाची पिकअप गाडी : बिघाडाची पूर्वचिन्हे

बैलगाडी जुंपण्यापूर्वी शेतकरी आसाला वंगण घालीत असे व चाकाची धाव सैल झाली आहे काय हे पाहत असे. आज कन्नड, खुलताबाद व फुलंब्री तालुक्यांतील आले आणि पैठणकडील मोसंबी पिकअप गाडीतून छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात येते. परंतु ती नजर या गाडीला क्वचितच लाभते. वस्तुतः यंत्र सहसा एकाएकी बंद पडत नाही. ते आधी सूचना देते. ती न ओळखल्यास माल वाटेत नासतो व प्रसंगी माणसेही जायबंदी होतात.

भार आणि पाटे

अनेक बिघाडांचे मूळ जादा भारात असते. नोंदणी पुस्तिकेत भरलेल्या गाडीचे कमाल वजन व रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. या दोहोंतील फरक हाच वाहून नेण्याचा भार होय. त्यात माणसांचेही वजन येते. उदाहरणार्थ, हा फरक १,५०० किलो असून चालक व सोबती मिळून १५० किलोचे असतील, तर २५ किलोचे ५४ क्रेटच भरता येतात. मोसंबी जास्त आहे म्हणून गाडीची शक्ती वाढत नाही.

रिकामी गाडी सपाट जागेवर एका बाजूस कललेली दिसली, पाट्यास तडा गेला किंवा पाटे आवळणारे बोल्ट सैल झाले, तर माल भरण्यापूर्वीच दुरुस्ती करून घ्यावी.

घाटातील ब्रेक

खुलताबादकडून दौलताबादचा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरला असता लायनर तापतात व त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. जुने ऑइल तापले म्हणजे या ओलाव्याची वाफ होते. वाफ दाबली जात असल्याने पायाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही व पेडल खोल जाते. म्हणून घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. डिझेल वाचविण्यासाठी इंजिन बंद करणे किंवा गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हे जिवावर बेतू शकते. कारण इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारे साहाय्य लवकरच संपते व गिअरचा रोधही राहत नाही.

पेडल मऊ लागणे, गाडी एका बाजूस ओढली जाणे, घासल्याचा आवाज येणे, ऑइलची पातळी उतरणे वा चाकाच्या आतील बाजू ओली दिसणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. अशी गाडी रस्त्यावर काढू नये. ब्रेक ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, सामान्यतः दोन वर्षांनी, बदलावे.

बाजारपेठेतील गर्दी

माल उतरवून खरेदीसाठी गुलमंडी, औरंगपुरा भागात शिरलेली गाडी अरुंद रस्त्यांवर पावलापावलाने चालते. धावत्या गाडीला मिळणारा वारा येथे मिळत नाही. रेडिएटर थंड ठेवण्याचा भार पंख्यावर पडतो. पंख्याचा पट्टा सैल असेल किंवा रेडिएटरच्या जाळीत चिखल व भुसा अडकला असेल, तर तापमानाचा काटा चढू लागतो. अशा वेळी गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावे. गरम असताना झाकण उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचा संभव असतो. गळती दिसत नसूनही कूलंट वारंवार कमी होत असेल व इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे.

गर्दीत क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालविण्याची सवयही घातक आहे. जळका वास येणे, तसेच इंजिनाचा वेग वाढूनही गाडीचा वेग न वाढणे, ही क्लच प्लेट झिजल्याची खूण होय.

निघण्यापूर्वीची तपासणी

माल भरण्यापूर्वी, इंजिन थंड असताना, पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. इंजिन ऑइल, कूलंट व ब्रेक ऑइल यांची पातळी; गाडीखाली पडलेले डाग.
२. पंख्याचा पट्टा व बॅटरीची टोके.
३. टायरमधील हवा व नक्षी. नक्षीची खोली १.६ मि.मी.पेक्षा कमी नसावी. टायर एकाच कडेने झिजत असल्यास चाकांची जुळणी तपासावी.
४. पाटे, चाकांचे नट व सर्व दिवे.
५. इंजिन चालू करून, गाडी हलविण्यापूर्वी, ब्रेकचे पेडल.

या कामास दहा मिनिटे पुरतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुगीपूर्वी गावातील गाडीमालक व चालक यांना एकत्र बोलावून ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी. मालावर मजूर बसवून नेण्याची प्रथा मात्र पूर्णपणे बंद झाली पाहिजे. वाटेत गेलेला माल पुढील हंगामात पुन्हा पिकविता येईल. गेलेला माणूस परत येत नाही.