निराधारचा पगार आणि ५७ रुपये

तहसील कचेरीत ‘संजय गांधी निराधार अनुदान योजना’ अशी पाटी असलेली एक खोली असते. गावाकडं कुणी एवढं लांब नाव घेत नाही. ‘संजय गांधीत जाऊन ये’ म्हटलं की कळतं. तिथून मिळणाऱ्या पैशालाही अनुदान कुणी म्हणत नाही, त्याला पगार म्हणतात. ‘आईचा पगार चालू झाला का?’ ‘दोन महिने पगार पडला नाही.’ या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मी काही वर्षं लोकांचे अर्ज भरून देते आहे. अर्ज लिहायला दहा मिनिटं लागतात. बाकीचा वेळ जातो तो समजुती काढण्यात. अर्जदाराच्या, त्याच्याबरोबर आलेल्या शेजाऱ्याच्या आणि कधी कधी टेबलापलीकडच्या माणसाच्याही. आपल्याला काही मिळणार नाही असं ठरवून माणसं बाकावरूनच उठून जातात. ते बघवत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

‘ही सरकारची मेहेरबानी आहे’

पगार हा शब्द मला आवडतो तो याच कारणासाठी. त्यात उपकाराची भाषा नाही. बेकारी, म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व यांत माणसाला सार्वजनिक मदत मिळावी, असं राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये लिहिलेलं आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, आर्थिक ताकदीच्या मर्यादेत पाळायचं आहे आणि एकट्या त्याच्या जोरावर कोर्टात जाता येत नाही, हेही खरं. पण सरकारनं एकदा योजना केली, नियम जाहीर केले आणि कुणी त्यात बसत असेल, तर ‘आमची मर्जी’ म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. समानतेचं कलम १४ तिथं आडवं येतं.

महाराष्ट्राची या बाबतीतली वाट तर जुनी आहे. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातून सुरू केलेल्या प्रयोगातून रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यासाठी शहरातल्या नोकरदारांनी व्यवसाय कर भरला. निराधार अनुदान योजना १९८० ची. केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम त्यानंतर पंधरा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ ला आला. त्यातला वृद्धांसाठीचा केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत महिना २०० रुपये आणि ८० पासून पुढे ५०० रुपये एवढाच आहे. वरची भर राज्य घालतं.

‘ती विधवा बायकांची योजना आहे’

नाही. विधवा आहेतच, पण घटस्फोटित आणि नवऱ्यानं टाकलेल्या स्त्रिया आहेत, अनाथ मुलं आहेत, दिव्यांग आहेत, क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोगासारख्या आजारांनी काम सुटलेले स्त्री-पुरुष आहेत, तृतीयपंथी आहेत, देहविक्रीतून बाहेर पडलेल्या स्त्रिया आहेत, तुरुंगात असलेल्या माणसाची पत्नी आहे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं कुटुंब आहे. पासष्टी ओलांडली की श्रावणबाळ योजना. परित्यक्तांचं मला फार वाटतं. ‘नवरा जिवंत आहे ना?’ एवढं एक वाक्य ऐकून त्या अर्ज न करता निघून जातात. नियमात त्यांचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं.

‘जो खरा गरीब आहे, त्याला मिळतंच’

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज हा आहे, आणि तो मोडायला साधा हिशेब पुरतो.

या योजनेसाठी एक तर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव पाहिजे, नाही तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत पाहिजे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. यादी आहे २००२ च्या सर्वेक्षणातली. त्या साली जी मुलगी चौथीत होती, ती आज विधवा होऊन बाकावर बसली आहे. तिच्या नावाची यादीत असण्याची शक्यता किती? म्हणजे उरलं उत्पन्न. २१,००० भागिले ३६५. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, आणि तेही एका माणसाचे नव्हेत, सगळ्या कुटुंबाचे.

२०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दरानं एखाद्या बाईनं वर्षात ६८ दिवस काम केलं की तिचं उत्पन्न २१,२१६ होतं आणि ती निराधार राहत नाही. त्या वर्षी सरकारनंच शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली होती. ती पुरी घेतली तर सरकारचाच दुसरा दरवाजा बंद व्हायचा. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली, रक्कम १,५०० रुपये आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्याच १,५०० रुपयांसाठी निराधार बाईला मात्र २१,००० च्या आतला दाखला आणावा लागतो. दोन्ही योजनांच्या हेतूंबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्या बाईला कुणीच नाही तिची चाळणी बाराएक पटींनी बारीक का, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

याचा परिणाम काय होतो ते बाकावर रोज दिसतं. खरं उत्पन्न सांगणारी बाई बाहेर राहते. ज्याची ओळख आहे त्याला हवा तो आकडा लिहून मिळतो. मग गावात बोलबाला होतो की ‘बंगलेवाल्यांना पगार आणि गरिबाला नाही’. बोलणाऱ्यांचं खोटं नसतं. पण दोष एकट्या तलाठ्याला देऊन भागणार नाही, प्रामाणिक माणूस बसूच शकणार नाही अशी मर्यादा ठेवली की खोटेपणाला वाव मिळतोच. स्थानिक सेवा सुधारायची असेल तर हा आकडा महागाईला बांधणं ही पहिली गोष्ट आहे. राजस्थाननं २०२३ च्या कायद्यात पेन्शन दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढेल असं लिहून ठेवलं. आपल्याकडं रक्कम वाढते ती कधी तरी, घोषणा झाली की.

‘अपंगत्व डोळ्यांना दिसायला हवं’

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. मानसिक आजार त्यात आहे. स्वमग्नता आहे, पार्किन्सन आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत. सिकलसेलही आहे, आणि गडचिरोली-नंदुरबारच्या घरांना तो काय असतो हे वेगळं सांगावं लागत नाही. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या तरुणाला ‘याला काय झालंय?’ असं विचारलं जातं तेव्हा विचारणाऱ्याला कायदा माहीत नसतो. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त असेल तर तो लाभांना पात्र आहे. टक्केवारी ठरवायची ती डॉक्टरांनी, कारकुनाच्या नजरेनं नव्हे.

याच कायद्याच्या कलम २४ नुसार सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त रक्कम मिळायला हवी. महाराष्ट्रात २०२३ पासून सगळ्यांना सरसकट १,५०० होते. दिव्यांगांचे २,५०० झाले ते ऑक्टोबर २०२५ पासून. कायदा एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला होता.

‘पैसे पडले नाहीत, म्हणजे कुणीतरी खाल्ले’

खाणारे नसतात असं मी म्हणत नाही. पण डिसेंबर २०२४ पासून हे पैसे आधारच्या आधारे थेट बँक खात्यात जायला लागले, आणि तेव्हापासून पगार ‘बंद पडण्याची’ कारणं बहुतेक वेळा वेगळीच निघतात.

खात्याला आधार जोडणं दोन प्रकारचं असतं. एक बँकेच्या ओळखीच्या कागदपत्रांपुरतं. दुसरं म्हणजे आलेलं अनुदान कोणत्या खात्यात टाकायचं ते ठरवणारं. या दुसऱ्याला सीडिंग म्हणतात आणि ते एका वेळी एकाच खात्याला असतं, शेवटी ज्याला केलं त्याला. आजीनं कधी तरी गॅसच्या सबसिडीसाठी किंवा कुणी शिबिरात सांगितलं म्हणून दुसऱ्या बँकेत खातं उघडलेलं असतं. अंगठा दिलेला असतो. पगार तिकडं साचत राहतो आणि आजी जुनं पासबुक घेऊन महिन्यामागून महिने रांगेत उभी राहते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं की पैसे कोणत्या बँकेत जातायत ते कळतं. पण त्यासाठी ओटीपी लागतो, आणि आधारला दिलेला मोबाइल नंबर जावयाचा असतो किंवा बंद पडलेला असतो. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे वर्षातून एकदा द्यायचा हयातीचा दाखला राहून जातो. माणूस जिवंत आणि कागदावर नाही.

यात कुणी चोर नाही. फक्त हे तपासून सांगणारा माणूस त्या खोलीत नाही. ग्रामपंचायतीत आठवड्यातून एक दिवस कुणी ओटीपी, सीडिंग आणि हयातीचे दाखले एवढंच बघायला बसलं, तर तालुक्याच्या बाकावरची निम्मी गर्दी हलेल असा माझा अनुभव सांगतो. शिवाय माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अनुदान कुणाकुणाला मिळतं याची यादी न मागताही प्रसिद्ध करायची असते. ती भिंतीवर लागली तर कोणाचं नाव कटलं ते गावालाच आधी दिसेल.

‘ग्रामपंचायतीकडं कुठं पैसा असतो?’

समाजकल्याण हे वरचं काम, अशी सरपंचांचीही समजूत असते. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडं द्यायचे जे २९ विषय आहेत, त्यात समाजकल्याण आहे, अपंगांचं कल्याण आहे, दुर्बल घटकांचं कल्याण वेगळं लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराचं भाडं. एखाद्या गावाचं ते वर्षाला चार लाख असेल तर दिव्यांगांचे २०,००० झाले. फार नाहीत. औद्योगिक वसाहतीशेजारच्या गावात तोच आकडा काही लाखांवर जातो.

हे पैसे खर्च होतातच असं नाही, आणि झाले तर बहुधा एका ठराविक पद्धतीनं होतात. दिवाळीच्या सुमारास सगळ्या दिव्यांगांना बोलवायचं, समान वाटणी करायची, फोटो काढायचा. हजार-दीड हजार कुणाला नको असतात असं नाही. पण ज्या मुलाला ऐकायचं यंत्र हवं आहे, ज्या बाईला तीनचाकी दुरुस्त करून हवी आहे, ज्या घरात अंथरुणाला खिळलेला मुलगा आहे आणि आई वीस वर्षं शेजारच्या गावालासुद्धा गेलेली नाही, त्यांची गरज सारखी नाही, मग वाटणी सारखी का? ग्रामपंचायतीच्या दाराला उतार आहे का, शाळेच्या संडासात चाकाची खुर्ची वळते का, हे प्रश्न त्या वाटपात हरवतात. ग्रामसभेत विचारायचं ते एवढंच: गेल्या वर्षी स्वतःचं उत्पन्न किती झालं, त्याचे पाच टक्के किती, कशावर खर्च झाले आणि कुणाला विचारून?

‘फुकट मिळालं की माणूस आळशी होतो’

हे वाक्य मी बसमध्ये ऐकलंय, लग्नात ऐकलंय, सुशिक्षित घरांत तर हमखास. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या सात रोख मदत कार्यक्रमांचे प्रयोग तपासले. २०१७ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की मदतीमुळे लोकांनी काम सोडल्याचा पद्धतशीर पुरावा मिळत नाही. बॅनर्जी म्हणजे २०१९ चे नोबेल विजेते. मदत दारू-तंबाखूत जाते या समजुतीवर डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोवा यांनी १९ अभ्यास एकत्र तपासले; तिथंही खर्च वाढल्याचं दिसलं नाही.

आणि आपण बोलतोय कुणाबद्दल? ७२ वर्षांच्या बाईनं कोणतं काम सोडलं म्हणून तिला आळशी म्हणायचं?

‘कागद नाहीत, म्हणजे आपले नाहीत’

भटक्या-विमुक्तांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबांना इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा ऑगस्ट १९५२ पर्यंत चिकटलेला होता, ज्यांना कुठलं गाव राहू देत नव्हतं, त्यांनी कुठल्या गावात राहिल्याचा कागद आणायचा? पुरावा नसेल तर गृहचौकशी करून, पाहणी करून दाखला देण्याची तरतूद आहे. तिच्याबद्दल अर्जदाराला माहीत नसतं आणि सांगणाराही भेटत नाही.

केरळनं २०२१ पासून उलट्या बाजूनं काम केलं. अर्ज येण्याची वाट न बघता वॉर्डावॉर्डातून माणसं पाठवली, अतिगरीब कुटुंबं शोधली, ६४,००६ निघाली, आणि प्रत्येक कुटुंबासाठी वेगळा आराखडा केला. कुणाला घर हवं होतं, कुणाला औषधं, कुणाला फक्त रेशनकार्ड. त्या यादीतून किती जण सुटले यावर तिथं वाद आहे, तो व्हायलाच हवा. पण शोधायला जायचं, हे त्यांनी ठरवलं.

मी ज्यांचे अर्ज भरते ती माणसं निदान बाकापर्यंत आलेली असतात. एसटीचे पैसे जमवून, कुणाला तरी सोबत घेऊन. आमच्या गावाबाहेर नदीच्या अंगाला सहा पालं आहेत. त्यातलं कुणी अजून या बाकावर आलेलं नाही. पुढच्या सोमवारी तलाठ्याबरोबर तिकडं जायचं ठरलं आहे, गृहचौकशीचे कोरे कागद घेऊन.