नजरअंदाज व कापणी-प्रयोग

पिकाचा अंदाज करावयाचा म्हणजे बांधावर उभें राहून नजर टाकावी, पंचांनीं दोन शब्द बोलावेत आणि आणेवारी लिहून मोकळें व्हावें, हा परिपाठ आमच्या शेतकरी बंधूंस पिढ्यान् पिढ्या परिचित आहे. पुढें आण्यांच्या जागीं पैसे आले. नजर तीच राहिली. आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेल्यामुळें ह्या नजरेचे गुणदोष आम्हांस जवळून पाहावयास मिळाले. नजर खोटी असते असें आमचें म्हणणें नाहीं. पण ती आपली वाट आपणच निवडते. रस्त्याकडेचें शेत तिला आधीं दिसतें, आडरानांतलें दिसतच नाहीं. गेल्या सालचा आंकडा मनांत घर करून बसलेला असतो. आणि फार उत्तम किंवा फार वाईट असें कागदावर लिहावयास हात कचरतो.

ह्या नजरेवर केवढें अवलंबून असतें ह्याचा दाखला गुजराथेंतील खेडा जिल्ह्यानें 1918 सालीं दिला. पीक चार आण्यांहून कमी असल्यास त्या वर्षाचा सारा तहकूब करावा असा नियम होता. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आंत आहे, अंमलदार म्हणत अधिक आहे. महात्मा गांधींचा खेड्याचा सत्याग्रह ह्याच वादांतून निघाला. दोन्ही पक्षांस मान्य होईल असें माप मात्र कोठेंच नव्हतें.

त्या मापाचा पाया दूर इंग्लंडांत घातला गेला. रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रांत 1843 पासून एकाच शेतांत निरनिराळीं खतें घालून गहू पेरीत आले होते व आंकड्यांचे ढीग सांचले होते. 1919 सालीं तेथें रोनाल्ड फिशर हा तरुण गणिती आला. त्याचें म्हणणें असें कीं, एका तुकड्यास खत घालून शेजारच्या तुकड्याशीं तुलना केली, तर वाढलेलें पीक खताचें कीं जमिनीच्या कसाचें हें कळत नाहीं. म्हणून तुकडे अनेक घ्यावेत, आणि कोणत्यास काय घालावयाचें हें सोडत काढून ठरवावें. मनुष्याची आवडनिवड बाजूस सारली म्हणजे उरलेली चूक किती असूं शकेल ह्याचा हिशेब मांडतां येतो. शेतांत वाढलेली ही युक्ति पुढें वैद्यकांत गेली. 1948 सालीं ब्रिटनमध्यें प्रसिद्ध झालेल्या क्षयाच्या प्रयोगांत कोणत्या रोग्यास स्ट्रेप्टोमायसिन द्यावें हें सोडतीनेंच ठरविलें होतें. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 जणांपैकीं 4, तर केवळ विश्रांति मिळालेल्या 52 पैकीं 14 दगावले.

आपल्याकडे बंगाल्यांत प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं तागाच्या पिकाची अशीच नमुना-पाहणी चालविली. ते कापणीस लहान तुकडे घेत. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं 1911 सालीं जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनीं 1940 नंतरच्या दशकांत गव्हावर प्रयोग करून दाखविलें कीं, तुकडा फार लहान असला कीं उत्पन्न फुगून दिसतें. त्याच सुमारास वि. गो. पानसे वऱ्हाडांतील कापसावर हेंच काम करीत होते. फुगण्याचें कारण शेतकऱ्यास सांगावयास नको: सीमेवरचें ताट कापणाऱ्याचा हात आंतच ओढतो. एक मीटर लांब-रुंद चौकोन आंखला व चहूंकडून पांच सेंटिमीटरांचें पीक आंत आलें, तर 100 चे 121 होतात. तीच चूक दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद तुकड्यांत झाली, तर 100 चे 103 च होतात. बहुतेक धान्यांस हा मोठा तुकडा घेतात तो ह्याचसाठीं.

आज ह्या तुकड्यावर साऱ्याऐवजीं विम्याची रक्कम लटकलेली आहे. 2016 सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत मंडळाचें वा गांवाचें सरासरी उत्पन्न उंबरठा-उत्पन्नाहून जितक्या प्रमाणांत कमी, तितक्या प्रमाणांत भरपाई. साहजिकच शेतकऱ्यास वाटतें, तुकडा खडकाळ भागांत पडावा. विमा कंपनीच्या माणसास वाटतें, विहिरीजवळ पडावा. दोघांपैकीं कोणीही तो हलविला कीं पुन्हां नजरेचेंच राज्य आलें. मात्र ज्याचें एकट्याचें शेत बुडालें त्यास ही सरासरी न्याय देऊं शकत नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. शिवाय चूक निम्मी करावयाची तर प्रयोग चौपट लागतात. मुख्य पिकास मंडळांत दहा किंवा ग्रामपंचायतींत चार, हें प्रमाण आमच्या मतें तोकडेंच आहे. 2023 पासून भात व गहू ह्यांच्या अंदाजांत उपग्रहाच्या चित्रांवरून बसविलेल्या गणितासही वजन दिलें जातें. पण तें गणित खरें कीं खोटें हें पारखावयास अखेर कापलेलें धान्यच लागतें.

तेव्हां प्रयोगाचे दिवशीं शेतावर हजर राहावें. निवडलेला गट नंबर यादींत पाहावा. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून सोडतीच्या आंकड्याइतकीं पावलें मोजलीं जातात तीं आपणही मोजावीं. दोरी ताणून चारी कोपरे व कर्ण पाहावा. मळणी झाल्यावर तेथेंच वजन करवून नोंद वाचावी व मगच सही करावी. धान्य ओलें असल्यास वाळल्यानंतरच्या वजनाची नोंद निराळी होते, तीही विचारावी. हेक्टरी आंकडा काढणें सोपें आहे. पन्नास चौरस मीटर म्हणजे हेक्टराचा दोनशेंवा भाग. वाळलेलें धान्य 9 किलो भरलें, तर हेक्टरीं 18 क्विंटल.