फेरारीची जकात आणि टेम्पोची फाईल

ओझर हे जुन्नर तालुक्यातले गाव, कुकडी नदीच्या काठी, येडगाव धरणाच्या पाण्यालगत. अष्टविनायकांपैकी विघ्नहर येथला, म्हणून पुण्या-मुंबईकडचे लोक नवी गाडी घेतली की पूजेसाठी येथे आणतात. आम्ही मात्र गेल्या संकष्टीला ओझरला गेलो ते एका अशिलाच्या जमिनीचे कागद पाहायला. काम आटोपून वाहनतळाजवळच्या टपरीवर चहा घेत होतो. तेवढ्यात पांढऱ्या गणवेशातला एक तरुण "जयभीम साहेब" म्हणत जवळ आला. शेजारच्या गावातला, आपल्याच वस्तीतला हा मुलगा पुण्यात एका बिल्डरकडे ड्रायव्हर आहे.

प्रश्न त्याचा नव्हता, मालकाचा होता. मालकाने परदेशातून येणारी स्पोर्ट्स कार बुक केली आहे. वीस लाख रुपये आगाऊ भरले. सहा महिन्यांत देतो म्हणाले होते, चौदा महिने झाले तरी गाडीचा पत्ता नाही. कधी कारखान्यातून निघाली नाही, कधी जहाज मिळाले नाही, अशी उत्तरे. विघ्न टळावे म्हणून मालक दर संकष्टीला जुन्या गाडीतून ओझरला येतात. ते दर्शनाला आत गेले होते आणि हा बाहेर आम्हाला विचारत होता, "साहेब, अशी केस होती का हो?"

होते. ग्राहक संरक्षण कायदा पूर्वी १९८६ चा होता, आता २०१९ चा आहे आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. कबूल केलेल्या मुदतीत वस्तू न देणे ही सेवेतील त्रुटी ठरू शकते आणि भरलेली रक्कम व्याजासह परत मागता येते. डिसेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे भरलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, दोन कोटींच्या वर असेल तर थेट दिल्लीला राष्ट्रीय आयोगाकडे. म्हणजे मालकाचे आज पुण्यातच काम भागेल. दावा कोणावर लावायचा, हे मात्र नीट पाहावे लागते. गोव्यातल्या एका ग्राहकाला विक्रेत्याने नव्या मॉडेलचे पैसे घेऊन जुनी, वापरलेली गाडी दिली होती. त्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्याच्या लबाडीसाठी, तिची माहिती नसलेल्या टाटा मोटर्सला जबाबदार धरले नाही.

बरे, विलंबाची कारणे नेहमीच खोटी असतात असेही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फेलिसिटी एस' नावाच्या जहाजाला अटलांटिक महासागरात आग लागली. पोर्शे, बेंटली, लॅम्बोर्गिनी अशा सुमारे चार हजार गाड्या त्यावर होत्या. १ मार्चला जहाज बुडाले. बुडालेल्यांपैकी पंधरा गाड्या लॅम्बोर्गिनीच्या अशा मॉडेलच्या होत्या की ज्याचे उत्पादन संपत आले होते. कंपनीने त्या पंधरा गिऱ्हाइकांसाठी गाड्या पुन्हा बनवायला घेतल्या. वाचकहो, रांगेत उभ्या असलेल्या माणसाची इतकी काळजी जगात घेतली जाते!

आणि आपल्या देशात? महाराष्ट्राला ठाऊक असलेली परदेशी स्पोर्ट्स कारची सर्वांत गाजलेली कहाणी सचिन तेंडुलकर यांच्या फेरारीची आहे. २००२ मध्ये त्यांनी ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली. फेरारीची मालकी तेव्हा फियाटकडे होती. इंग्लंडमध्ये मायकेल शूमाकर यांच्या हस्ते '३६० मोडेना' ही गाडी त्यांना भेट देण्यात आली. ती भारतात आणायची तर सीमाशुल्क होते सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. २००३ मध्ये केंद्र सरकारने ते माफ केले. सचिन यांच्या खेळाबद्दल आम्हाला आदरच आहे. तक्रार आहे ती माफ करणाऱ्यांबद्दल. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम २५ ने सरकारला सूट देण्याचा अधिकार दिला आहे खरा, पण तो 'जनहितार्थ' वापरायचा आहे, आणि एखाद्यालाच खास सूट द्यायची तर परिस्थिती अपवादात्मक असली पाहिजे आणि ती आदेशात नमूद केली पाहिजे. एका कोट्यधीश खेळाडूच्या दारात इटालियन गाडी उभी राहण्यात जनतेचे कोणते हित होते? अनुच्छेद १४ शाळेत पाठ करायला दिलेला नाही.

लोक गप्प बसले नाहीत. वर्तमानपत्रांतून टीका झाली, दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. अखेर फियाटने ती रक्कम भरली. सव्वा कोटीच्या आसपासचा तो पैसा सरकारी तिजोरीत आला, कारण सामान्य नागरिकाने "का?" असे विचारले.

रांगेतही वर्ण असतात हे आम्ही लहानपणीच शिकलो. परवाना राज्यात आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षे थांबत. नंबर लागला की गल्लीत पेढे वाटत. मात्र ज्याचा नातेवाईक परदेशात, त्याने परकीय चलनात पैसे भरले की त्याला स्कूटर लवकर मिळे. गिरणी कामगाराचा कोणता भाऊ दुबईला होता? आमच्या वडिलांनी नाव नोंदवले होते. नंबर लागला तेव्हा पैसे थोरल्या बहिणीच्या लग्नात गेले होते. त्यांनी तो नंबर दुसऱ्याला दिला आणि निवृत्त होईपर्यंत सायकल चालवली. असो.

चहा संपत आला तेव्हा त्या मुलाने स्वतःचे काढले. त्याचा धाकटा भाऊ नारायणगावच्या टोमॅटो बाजारात दुसऱ्याच्या पिकअपवर क्रेट वाहतो. स्वतःचा टेम्पो घ्यावा म्हणून मागासवर्गीयांसाठीच्या कर्ज योजनेत त्याने अर्ज केला. जातीचा दाखला, लायसन्स, दोन जामीनदार, गाडीचे कोटेशन, सगळे दिले. त्याला दोन वर्षे झाली. एका कार्यालयात फाईल आहे. गेले की सांगतात, कोटेशन जुने झाले, नवे आणा. नवे आणले की गाडीची किंमत वाढलेली असते आणि अर्जातली रक्कम जुनी. मग पुन्हा अर्ज. टोमॅटोचे दोन हंगाम असेच गेले.

"ह्याची केस होती का?" त्याने विचारले, तेही थोडे लाजत, जणू ही केस मालकाच्या केसपेक्षा हलकी आहे.

आम्ही त्याला खरे तेच सांगितले. ग्राहक आयोगात जायला किंमत मोजलेली किंवा मोजायचे कबूल केलेले असावे लागते. त्याच्या भावाने रोजगार बुडवला, गाडीभाडे घातले, पण त्याची पावती कोणी देत नाही. तरी हात बांधलेले नाहीत. २००५ साली महाराष्ट्रात बदल्यांचा आणि दिरंगाई प्रतिबंधाचा कायदा झाला. त्याचे कलम १० म्हणते की कोणतीही फाईल सरकारी कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दोन वर्षांत असे सात दिवस किती वेळा येऊन गेले? हे कलम किती कार्यालयांच्या भिंतीवर लावलेले दिसते? आम्ही वीस वर्षे वकिली करतो, एकाही भिंतीवर पाहिले नाही.

टपरीवाल्याकडून कोरा कागद घेतला आणि तिथेच माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. अर्ज आल्यापासून फाईल कोणकोणत्या टेबलावर गेली, प्रत्येक टेबलावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत राहिली, आणि त्या त्या कर्मचाऱ्याचे पदनाम काय. एवढेच तीन प्रश्न. खाली सही करताना त्याने विचारले, "माझी सही चालंल का? अर्ज तर भावाचा आहे." चालते. माहिती कोणीही नागरिक मागू शकतो. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, साहेब बाहेर आले होते. तो गाडीकडे धावला. प्रसादाचा पुडा हातात घेतलेले मालक आम्हाला लांबून दिसले. मालकांना नोटीस द्यायची असेल तर आमचा नंबर त्याच्याकडे आहे.

सोमवारी जुन्नरला कोर्टात गेलो तेव्हा अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट चिकटवले आणि पोस्टाने पाठवून दिला. उत्तराला मुदत तीस दिवसांची आहे. पोचपावती कालच आली.