"गॅस पास झाला का?"

मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं की राउंडवर आलेले डॉक्टर एक प्रश्न हटकून विचारतात : "गॅस पास झाला का?" रुग्ण संकोचतो. पण आत काय घडतंय हे कळलं, तर संकोच विसरून तो थक्कच होईल. ज्या नळीचा वीतभर-हातभर तुकडा कापून काढला, उरलेली दोन टोकं जोडली, ती नळी पुन्हा आपली आपण चालू लागल्याची ती पहिली वर्दी असते!

मुळात आतडं कापावं का लागतं? सायकलची जुनी ट्यूब आठवा. रबर जिथे विरलेलं असतं, तिथे हवा भरताना फुगा येतो. आतड्याच्या भिंतीतही अशा कच्च्या जागा असतात. कुठे? रक्त पुरवणारी बारीक वाहिनी स्नायूंचा थर भेदून जिथे आत शिरते, नेमक्या तिथेच! आतल्या दाबाने तिथून अस्तर बाहेर डोकावतं आणि वाटाण्याएवढ्या पिशव्या तयार होतात. याच त्या डायव्हर्टिक्युला. बहुतेकांना त्यांचा पत्ताही लागत नाही. काहींच्या मात्र पुन्हा पुन्हा सुजतात, फुटतात. मग डाव्या बाजूचा सिग्मॉइड हा वळणदार भाग काढण्याची वेळ येऊ शकते.

कापायचं कुठे? मोठ्या आतड्यावर स्नायूंच्या तीन लांब पट्ट्या असतात. नाडी ओढल्यावर पायजम्याला चुण्या पडाव्यात, तशा त्या आतड्याला चुण्या पाडतात. मलाशय सुरू होताच या पट्ट्या पसरून एकमेकींत मिसळून जातात. शरीराने स्वतःच आखून ठेवलेली हद्द! सर्जन ती शोधतात आणि जोड मलाशयावर घालतात. सिग्मॉइडचा तुकडा खाली शिल्लक राहिला, तर दुखणं परतण्याचा धोका वाढतो.

आणि मलाशय जपायचं, कारण ते काही नुसतं साठवणीचं भांडं नव्हे. ते भरू लागलं की गुदद्वाराचा आतला स्नायू क्षणभर सैलावतो. आतला ऐवज खालच्या संवेदनशील अस्तराला जरासा टेकतो, आणि निवाडा होतो : वायू, पातळ की घट्ट? चारचौघांत बसलेले असताना तुमच्या नकळत ही पारख दिवसभर चालू असते. बोटाच्या टोकालाही वायू आणि पाणी यांतला फरक इतक्या बिनचूक सांगता येईल का?

मलाशयामागून जाणारे दोऱ्यासारखे मज्जातंतू मूत्राशय आणि लैंगिक क्रियाही सांभाळतात. कॅन्सरमध्ये आजूबाजूच्या लसीका ग्रंथीही काढाव्या लागतात. डायव्हर्टिक्युलासाठीच्या ऑपरेशनात ती गरज नसते. त्यामुळे सर्जन आतड्याच्या अगदी कडेने जाऊ शकतात. मज्जातंतू वाचतात, मलाशयाकडे जाणारी मुख्य रोहिणीही अनेकदा राखता येते.

आता जोड पक्का झाला हे कसं कळणार? पुन्हा सायकलच्याच दुकानात चला! पंक्चरवाला ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवतो. सर्जनही ओटीपोटात पाणी भरतात, खालून आतड्यात हवा सोडतात आणि बुडबुडे येतात का ते पाहतात.

पण जोडलेल्या नळीला 'आता सरक' असं सांगतं कोण? १८९९ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी आतडं अन्न पुढे ढकलत राहतं. कारण आतड्याच्या भिंतीतच कोट्यवधी चेतापेशींचं जाळं आहे. हुकूम वरून येत नाही, तो जागच्या जागीच निघतो!

ऑपरेशनच्या धक्क्याने हे जाळं काही काळ गप्प होतं. लहान आतडं काही तासांतच हलू लागतं, जठराला एखाद-दोन दिवस लागतात, मोठं आतडं सहसा दोन-तीन दिवसांनी जागं होतं. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात दाखवलं, की दुखणं नीट आवरलं, रुग्णाला लवकर चालवलं आणि लवकर खायला दिलं, तर बरं होणं वेग घेतं. काही ठिकाणी च्युइंगमही चघळायला देतात. चावणं सुरू झालं की आतड्याला वाटतं, जेवण येतंय!

पुढचे काही आठवडे शौचाच्या वेळा बदलू शकतात, घाई होऊ शकते. बहुतेकांची घडी हळूहळू बसते. जी बसत नाही, ती डॉक्टरांपासून लपवू नका. आणि सकाळी तो प्रश्न आला, तर लाजू नका. मोकळेपणाने उत्तर द्या. त्या उत्तरावर पुढचे उपचार ठरत असतात.