मांडीच्या आतल्या स्नायूंना ताण : भिंतीच्या आधाराने

सोयाबीनची खुरपणी सुरू झाली की लातूर-नांदेड भागात ही तक्रार ऐकू येते : "उकिडवं बसून उठलं की जांघ आखडते." मांडीच्या आतल्या बाजूचे पाच स्नायू पाय जवळ ओढतात. त्यातला एक गुडघ्याखालपर्यंत जातो, म्हणून ताण देताना गुडघ्याच्या आतही ओढ जाणवते.

उभ्याने पाय फाकवताना तोल सांभाळावा लागतो आणि स्नायू सैल पडत नाहीत. भिंतीपाशी झोपून केलं की ही अडचण राहत नाही.

सतरंजीवर भिंतीला कूस लावून बसा. पाठीवर झोपत दोन्ही पाय भिंतीवर वर घ्या. कंबर उचलली जात असेल तर वीतभर मागे सरका. गुडघे थोडे वाकले तरी चालतील. टाचा भिंतीवरून हळूहळू बाजूला घसरू द्या. हातांनी दाबू नका, पायांचं वजन पुरेसं आहे. ओढ जाणवावी, कळ येऊ नये. ३० सेकंद थांबा, २-३ वेळा करा.

घाई नडते ती उठताना. मांड्यांना हातांचा आधार देऊन पाय जवळ आणा, गुडघे वाकवा, कुशीवर वळा, मग बसा.

खुब्याचा सांधा बदललेला असेल, काचबिंदू, हर्निया किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखत असेल तर व्यायाम नको, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते.